एकच मोटार, अनेक अश्वशक्ती

मोटारीच्या माहितीपत्रकावर छापलेली अश्वशक्ती ही त्या गाडीच्या वजनासारखीच पक्की बाब आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो आकडा एका ठरावीक यंत्रावर, ठरावीक हवेत आणि ठरावीक गणिती नियमांनी काढलेला असतो आणि यांपैकी एखादी गोष्ट बदलली तरी तो बदलतो. अश्वशक्ती मोजणाऱ्या यंत्राला शक्तिमापक किंवा रोजच्या बोलण्यात ‘डायनो’ म्हणतात. तीच गाडी वेगवेगळ्या डायनोंवर चढवली तर दहा टक्क्यांच्या आसपास अंतर पडणे मुळीच असाधारण नाही, आणि एवढ्या अंतराचा अर्थ यंत्र बिघडले आहे किंवा कोणी लबाडी केली आहे असाच होतो असेही नाही. गाडीला नवा सायलेन्सर बसवून किंवा इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये ‘रिमॅप’ म्हणतात ते करून, शक्ती वाढवून घेण्याची हौस गेल्या काही वर्षांत बरीच फोफावली असल्यामुळे या मोजमापावर कितपत विसंबावे हा प्रश्न आता केवळ कारखान्यांचा राहिलेला नाही.

अश्वशक्ती हे काम करण्याच्या वेगाचे माप आहे. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनांसाठी रूढ केलेली अश्वशक्ती ७४५.७ वॉट भरते, तर युरोपात प्रचलित झालेली आणि भारतातील अनेक माहितीपत्रकांत ‘पीएस’ या नावाने आढळणारी मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉट भरते, म्हणजे एकाच इंजिनाचा आकडा नुसत्या एककाच्या निवडीने सव्वा टक्क्याहून अधिक फुगू शकतो. डायनो मात्र अश्वशक्ती थेट मोजतच नाही. तो मोजतो ती फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, आणि फिरण्याचा वेग. या दोहोंच्या गुणाकारातून शक्ती काढली जाते. एखाद्या इंजिनाने मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर १२० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर त्याची शक्ती ७५.४ किलोवॉट होते, जी मेट्रिक मापाने १०२.५ आणि जेम्स वॉटच्या मापाने १०१.१ अश्वशक्ती भरते. फेऱ्या मोजणे हे आजच्या उपकरणांना अगदी सोपे काम आहे. मतभेद उद्भवतात ते टॉर्कच्या बाबतीत.

फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक आवळून, त्याच्या लांब हातावर वजने टांगून टॉर्क मोजण्याची युक्ती काढली, आणि ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हे नाव याच पद्धतीतून आले. विल्यम फ्रूडने १८७७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याच्या घुसळणीने शक्ती शोषून घेणारा मापक तयार केला. पुढे फिरत्या धातूमध्ये चुंबकक्षेत्राने विजेचे भोवरे निर्माण करून रोध देणारे एडी करंट मापक आले आणि आता आधुनिक प्रयोगशाळांत विजेच्या मोटारीच हे काम करतात. रूप बदलले, तरी तत्त्व प्रोनीचेच राहिले आहे: इंजिनाला ज्ञात रोध द्यायचा, ते एका वेगावर स्थिर करायचे आणि रोध देणाऱ्या यंत्राच्या हातावर किती जोर पडतो तो लोड सेल या जोर मोजणाऱ्या संवेदकाने टिपायचा. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार वाहनांच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक असून, कारखान्याने जाहीर केलेली शक्ती अशा संस्थांमध्ये गाडीबाहेर काढलेल्या इंजिनावर पारखली जाते. चेन्नईजवळ ओरगडम येथे उभे राहिलेले ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर हे तमिळनाडूतील अशाच कामाचे केंद्र आहे.

प्रयोगशाळेतील ही मोजणी चांगलीच कसून केलेली असते, तरीही तिलासुद्धा सूट द्यावी लागते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इंजिनाच्या निव्वळ शक्तीविषयीचा संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ८५ क्रमांकाचा नियम, मान्यतेच्या वेळी कमाल शक्ती जाहीर आकड्याच्या दोन टक्के इकडेतिकडे असलेली चालवून घेतो आणि उत्पादन सुरू झाल्यानंतरच्या तपासणीत हीच मुभा पाच टक्क्यांची होते. म्हणजे १०० अश्वशक्तीच्या जाहीर आकड्याची एखादी नवी कोरी गाडी ९५ ची निघाली आणि दुसरी १०५ ची निघाली, तरी दोन्ही नियमात बसतात. रस्त्याकडेच्या डायनोवर दोन-तीन अश्वशक्तींच्या फरकावरून वाद घालणाऱ्यांनी ही मर्यादा आधी लक्षात ठेवायला हवी.

गॅरेजमधील डायनो इंजिनाचा नसून चाकांचा असतो आणि गुंतागुंत तेथूनच वाढते. गाडी दोन मोठ्या रोलरांवर चढवून पट्ट्यांनी जमिनीला आवळतात, समोर पंखा लावतात, शक्यतो इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या फेऱ्या जवळपास सारख्या राहतील असा गिअर, बहुधा चौथा, टाकतात आणि मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांपासून लाल खुणेपर्यंत पेडल पूर्ण दाबून ठेवतात. दहा-पंधरा सेकंदांत पडद्यावर टॉर्कची आणि शक्तीची अशा दोन रेषा उमटतात. या अवधीत यंत्राने काय मोजले हे मात्र यंत्राच्या जातीवर अवलंबून असते. जडत्वाच्या डायनोमध्ये जोर मोजणारा संवेदक नसतोच. त्यात ज्ञात जडत्वाचा भारी रोलर असतो, तो किती झपाट्याने वेग घेतो ते पाहून शक्ती काढली जाते. अमेरिकेतील डायनोजेट कंपनीने ही पद्धत सर्वदूर लोकप्रिय केली. रोलरचे जडत्व वर्षानुवर्षे बदलत नसल्यामुळे अशा यंत्राची मोजणी सहसा भरकटत नाही आणि तीच गाडी पुन्हा चढवली तर आकडा बहुतेक तोच येतो, हा तिचा फार मोठा गुण आहे.

तिचा दोषही त्याच ठिकाणी आहे. वेग वाढत असताना इंजिनाची थोडी शक्ती स्वतःचे फ्लायव्हील, गिअर आणि चाके फिरवण्यात खर्ची पडते, म्हणून जड रिमऐवजी हलके रिम बसवले की इंजिनाला हातही न लावता जडत्वाच्या डायनोवर अश्वशक्ती वाढलेली दिसते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला रोध पुरेसा मिळाला नाही, तर हवेचा दाब पूर्ण चढण्याआधीच फेऱ्या वर निघून जातात आणि आकडा कमी येतो. याउलट, मस्टँग डायनोसारख्या रोध देणाऱ्या यंत्रावर इंजिनाला हव्या त्या फेऱ्यांवर रोखून धरता येते, त्यामुळे इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ बारकाईने जुळवण्यासाठी ते निःसंशय अधिक उपयुक्त ठरते; पण त्याचा लोड सेल वेळोवेळी ज्ञात वजने टांगून तपासावा लागतो आणि त्याचे आकडे जडत्वाच्या यंत्रापेक्षा बहुधा कमी येतात. तिसऱ्या प्रकारात चाकेच काढून मापक थेट हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला जोडतात. रोलरवर टायर दबतो, घसरतो व तापतो, आणि पट्टे किती आवळले यावरही त्याचा रोध बदलतो. हबवरच्या मोजणीत ही सारी अनिश्चितता टळते. पुनरावृत्तीच्या कसोटीवर हब डायनो रोलरपेक्षा सरस मानावा लागतो, परंतु त्याचा आकडा रोलरच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे चूकच आहे, कारण टायरमध्ये गेलेली शक्ती एकात वजा झालेली असते आणि दुसऱ्यात नसते.

चाकावर मिळालेल्या शक्तीवरून इंजिनाची शक्ती काढण्याचा प्रयत्न हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत कच्चा दुवा आहे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांत पंधरा टक्के शक्ती हरवते असे गृहीत धरून चाकावरच्या आकड्यात तेवढी भर घालण्याची प्रथा जगभर रूढ आहे, पण या पंधरा टक्क्यांना भौतिकशास्त्राचा आधार नाही. हा नाश गाडीच्या रचनेवर, तेलाच्या तापमानावर, वेगावर आणि टायरवर अवलंबून असतो. शिवाय त्याचा काही भाग शक्तीच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी नाश दुप्पट होत नाही. मोजणी संपताच क्लच दाबून रोलर आणि चाके आपोआप मंदावू द्यायची आणि त्या मंदावण्यावरून रोध काढून तो चाकावरच्या शक्तीत मिळवायचा, ही जर्मनीच्या माहा कंपनीच्या यंत्रांत असलेली पद्धत त्यामानाने बरी आहे, तरीही ओझ्याखाली गिअरच्या दातांवर पडणारे घर्षण आणि मोकळे फिरताना पडणारे घर्षण एकच नसल्यामुळे तीही अंदाजच देते. डायनोच्या कागदावर ‘इंजिनाची शक्ती’ म्हणून छापलेला आकडा मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो, हे गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

यानंतर येते हवा, आणि येथे तमिळनाडूतील कुंभकोणम आणि पुणे यांची तुलना उद्बोधक ठरते. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधे वसलेले कुंभकोणम समुद्रसपाटीपासून जेमतेम २५ मीटर उंचीवर आहे, तर पुणे सुमारे ५६० मीटरवर. उंच जागी हवा विरळ, म्हणून इंजिनाला प्राणवायू कमी आणि म्हणून शक्तीही कमी. उष्ण हवाही विरळच असते. आणि हवेत बाष्प जितके जास्त, तितकी प्राणवायूची जागा त्याने अडवलेली असते. ही तिन्ही कारणे जमेस धरून मोजलेला आकडा प्रमाण हवेवर आणण्यासाठी दुरुस्तीचे गुणक वापरतात. आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकाची प्रमाण हवा म्हणजे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब. टर्बो नसलेल्या, प्रमाण हवेत १०० अश्वशक्ती देणाऱ्या पेट्रोल इंजिनाला या मानकाचे सूत्र लावले, तर कुंभकोणमच्या डिसेंबरमधील दमट पण गार सकाळी ते ९९ च्या आसपास शक्ती देईल आणि मे महिन्यात ३८ अंशांच्या दुपारी ९५ च्या. पुण्यात ३० अंशांना त्याच्याकडून ९२ ची अपेक्षा ठेवावी लागेल आणि २,२४० मीटरवरच्या उटीत सुमारे ७४ ची. पुण्यात मोजून घेतलेली गाडी कावेरीच्या काठी अधिक दमदार वाटली, तर त्यात चालकाचा भास नाही. आणि एकाच गावात डिसेंबर ते मे या काळात चार अश्वशक्तींचा फरक पडतो, जो नव्या एअर फिल्टरच्या जाहिरातीतील दाव्याएवढा असू शकतो.

दुरुस्तीच्या गुणकाने हा फरक पुसला जातो असे मानले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. पहिली अडचण अशी की मानके एकापेक्षा अधिक आहेत. अमेरिकेतील जुने एसएई जे ६०७ हे मानक साडेपंधरा अंशांच्या गार आणि समुद्रसपाटीच्या कोरड्या हवेवर बेतलेले असल्यामुळे त्याने दुरुस्त केलेला आकडा नव्या एसएई जे १३४९ पेक्षा सुमारे चार टक्क्यांनी मोठा येतो, आणि संगणकात कोणता पर्याय निवडायचा हे डायनो चालवणाऱ्याच्या हातात असते. दुसरी अडचण इंजिनाच्या स्वभावाची आहे. टर्बोचार्जर विरळ हवेची भरपाई पुष्कळशी आपणच करून घेतो, म्हणून साध्या पेट्रोल इंजिनाचे सूत्र त्याला लावले की उंचावरच्या गावात त्याला न दिलेल्या शक्तीचे श्रेय मिळते. डिझेलसाठीची सूत्रे वेगळीच असतात. उलट, तापलेली हवा आत येऊ लागली की आजच्या इंजिनांचा संगणक ठिणगी लांबवून इंजिनाला जपतो, आणि ही घट कोणत्याही सूत्रात नसते. एवढ्यासाठीच ८५ क्रमांकाच्या नियमात दुरुस्तीचा गुणक ०.९३ ते १.०७ या पट्ट्यातच असावा असे म्हटले आहे आणि तो त्यापलीकडे गेला, तर तपासणीचे तापमान व दाब अहवालात स्पष्ट नोंदवण्याचे बंधन घातले आहे. वरच्या उदाहरणातील पुण्याची उघडी हवा या पट्ट्याबाहेर पडते. इंजिनाला दिली जाणारी हवा नियंत्रित ठेवण्याची व्यवस्था हा प्रयोगशाळेचा चैनीचा भाग नसून गरज आहे, ती याच कारणाने.

डायनोंच्या मतभेदांतून मोठ्या कंपन्यांनाही माघार घ्यावी लागल्याची उदाहरणे आहेत. फोर्डने १९९९ च्या मस्टँग कोब्रासाठी ३२० अश्वशक्ती जाहीर केली, मालकांनी रोलरवर मोजून पाहिले तेव्हा ती भरेना, आणि अखेरीस कंपनीने विक्री थांबवून गाड्या परत बोलावल्या व हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे भाग बदलून दिले. माझ्दाला २००१ च्या मियाटाचा अमेरिकेतील आकडा १५५ वरून १४२ वर आणावा लागला आणि ज्यांना गाडी नको असेल त्यांच्याकडून ती परत विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली. चाकावरच्या डायनोने इंजिनाचा नेमका आकडा सांगितला नव्हता, पण तफावत अनिश्चिततेच्या पलीकडची आहे एवढे त्याने निर्विवाद दाखवले, आणि तेवढे पुरेसे होते. नुसते नियम बदलल्याने आकडे कसे हलतात हेही अमेरिकेतच दिसले. १९७२ च्या सुमारास पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर आणि सायलेन्सर काढून मोजलेली ढोबळ शक्ती सोडून हे सारे बसवून मोजलेली निव्वळ शक्ती जाहीर करण्याची रीत पडली, तेव्हा इंजिने तीच राहूनही आकडे घसरले. पुढे २००५ मध्ये साक्षीदारासमोर मोजणी करण्याचे नवे मानक आले, तेव्हा टोयोटा कॅमरीच्या तीन लिटर व्ही-६ इंजिनाचे २१० चे १९० झाले, तर शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट झेड ०६ चे ५०० चे ५०५ झाले. एका मानकाने सगळे आकडे एकाच दिशेने सरकले नाहीत, यावरून आधी किती सैलपणा होता ते कळते.

भारतात या बाबतीत एक पोकळी आहे आणि ती गंभीर म्हटली पाहिजे. कुंभकोणमच्या बाजारात पितळेची भांडी वजनावर विकणाऱ्या दुकानदाराला आपला काटा वैधमापनशास्त्र विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, कारण त्या काट्यावर गिऱ्हाइकाचा पैसा अवलंबून असतो. रिमॅपसाठी हजारो रुपये घेणाऱ्या गॅरेजच्या डायनोवरही गिऱ्हाइकाचा पैसा तितकाच अवलंबून असतो, पण त्याच्या लोड सेलवर असा शिक्का शोधायला गेले तर सापडत नाही. वाहनांच्या योग्यता तपासणीत ब्रेक, दिवे आणि धूर पाहतात, शक्ती पाहत नाहीत. तेथील रोलर पाहून तो डायनो असल्याचा समज होतो, परंतु तो ब्रेकचा जोर मोजणारा रोलर असतो. कुंभकोणमला मुख्यालय असलेल्या तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळाच्या विभागाची, म्हणजे १९७२ मध्ये चोळन रोडवेज या नावाने सुरू झालेल्या संस्थेची, बस घेतली तरी आगारात तिच्या इंजिनाची प्रकृती ओळखण्याचे रोजचे साधन लिटरमागे पडणारे किलोमीटर हेच असते. ते साधन ओबडधोबड असले, तरी त्याच मार्गावर, त्याच बसचे आकडे महिन्यामागून महिने ताडून पाहिले जातात, आणि शास्त्रीय दृष्टीने त्याची ताकद नेमकी याच सातत्यात आहे.

डायनोची खरी ताकदही तीच आहे. मोजणीत दोन वेगळे गुण असतात: आकडा सत्याच्या किती जवळ आहे हा एक आणि पुन्हा मोजल्यावर तो किती जुळतो हा दुसरा. नीट सांभाळलेला रोलर डायनो, तोच टायर, तीच हवा आणि तेवढीच तापलेली गाडी असेल, तर एक-दोन टक्क्यांच्या आत जुळणारे आकडे देतो. त्या आकड्याचे प्रयोगशाळेतील इंजिनाशी नाते मात्र तो खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, बदलापूर्वी आणि बदलानंतर घेतलेल्या मोजणीतील फरक विश्वसनीय मानावा, आणि दोन गावांतील दोन यंत्रांच्या आकड्यांवरून कोणती गाडी जोरदार हे ठरवू नये. एका फेरीचा उच्चांक हा पुरावा नव्हे. इंजिन थंड असताना घेतलेली पहिली फेरी आणि तापल्यावरची चौथी यांत पडणारे अंतरच पुष्कळदा रिमॅपचे यश म्हणून खपवले जाते.

डायनोवर गाडी चढवणाऱ्या वाचकाने पैसे देण्यापूर्वी छापील कागद मागून घ्यावा आणि त्यावर दुरुस्ती न केलेला आकडा, दुरुस्तीचे मानक, हवेचे तापमान व दाब, वापरलेला गिअर आणि टायरमधील हवेचा दाब लिहिला आहे की नाही ते पाहावे. बदलापूर्वीच्या तीन आणि नंतरच्या तीन फेऱ्या एकावर एक छापून मागाव्यात. एवढे द्यायला जे गॅरेज नाही म्हणेल, तेथे गाडीची शक्ती वाढवून घेऊ नये.